चौकटीवरच्या सात रेघा

२ फेब्रुवारी, सोमवार

ज्या इमारतीसमोर उभा राहून मी चाळीस वर्षं घोषणा दिल्या, त्या इमारतीनं आज मला आत बोलावलं, तेही खुर्ची देऊन. नगरपालिकेचं पत्र आहे. आठ वस्त्यांमधल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांचं ‘सुखमान’ मोजायचं आहे आणि त्या समितीवर मी हवा आहे. सुखमान! शब्द कुणी घडवला कोण जाणे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, हजारो पुस्तकं अक्षर अक्षर वाचली, पण हा शब्द कुठे भेटला नव्हता. तापमानासारखा. म्हणजे आता मुलांच्या काखेत नळी घालून सुख बघणार.

तरी जाणार. कारण पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : सगळ्यांत कमी सुखमानाच्या तीन वस्त्यांना नगरपालिका ‘दुपारची खोली’ देणार. शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून येईपर्यंत मुलांनी बसायची जागा, पुस्तकं, खाऊ, सांभाळायला माणूस.

उतारावरच्या वस्तीत अशी खोली आहे. माझी ताई चालवते, बावीस वर्षं, कुणी न सांगता. इस्त्रीच्या दुकानावरची तीच खोली, जिथं आम्ही दोघं वाढलो. पुढच्या भागात तीस मुलं, मागच्या भागात ताई. पण इस्त्रीवाल्यानं इमारत विकायला काढली आहे. मार्चअखेरपर्यंत नगरपालिकेनं खोली घेतली तर राहील, नाहीतर मुलं जिन्यावर आणि ताई माझ्या घरी. तिला माझं घर आवडत नाही. म्हणते, “तुझ्या घरात पुस्तकंच फार बोलतात, माणसाला जागा नाही.”

उतार खालच्या तिघांत येणार यात मला शंका नाही. शंका आहे ती मोजणाऱ्यांच्या नजरेबद्दल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक जिंकली!

अध्यक्ष म्हणजे निवृत्त तहसीलदार. प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतात. त्यांनी तक्ता मांडला : उंची, वजन, घरातल्या खोल्या, नळाला पाणी किती तास, शाळेतली हजेरी. मुलांनी स्वतः भरायच्या एकतीस प्रश्नांना गुण होते शंभरात दहा. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे काढले आहेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातल्या एकावर खूण करायची.

मी उठलो. म्हटलं, “गुरांच्या बाजारात दात आणि हाडं मोजतात. तुम्ही मुलं मोजताय! ज्याचं सुख त्याला दहा गुण आणि नळाला वीस? मी त्या उताराचं पोर आहे. एका खोलीत वाढलो. तुमच्या या तक्त्यानं माझं बालपण नापास केलं असतं, आणि मी सांगतो, माझ्याइतकं श्रीमंत बालपण या टेबलाभोवती कुणाचं नाही. पुरावा हवा? माझ्या बहिणीनं खोलीच्या चौकटीवर दरवर्षी माझी उंची आखून ठेवली आहे. सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत सात रेघा, दोन रेघांत चार चार बोटांचं अंतर. एकही वर्ष चुकलं नाही. वस्ती मुलांना खुजं करत नाही, तुमची नजर करते!”

समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी चष्मा दोनदा पुसला. मुलांच्या उत्तरांना शंभरातले पन्नास गुण ठरले.

फक्त कोपऱ्यात आकडे टिपणारी मुलगी होती (सगळे तिला आकडेवाली म्हणतात), ती बाहेर पडताना म्हणाली, “काका, चौकटीवरची मापं मला द्याल? मला आवडतात अशा गोष्टी.”

देईन म्हटलं. अभिमानानं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्नपत्रिकेचं मुद्रित तपासून दिलं. पहिल्याच पानावर, सूचनांमध्ये, दोन चुका. असल्या चुका करणाऱ्यांनी मुलांचं भलं करायचं!

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताईकडे गेलो. पट्टी घेऊनच.

जिन्याच्या सातव्या पायरीला अजून तोच खळगा आहे. तिथं बसून मी पहिलं पुस्तक वाचलं. बाबा छापखान्याच्या बांधणीखात्यात, पुस्तकं शिवायला होते. वाया गेलेल्या प्रती घरी यायच्या, कुणाला सुरुवात नसायची, कुणाला शेवट. जी गोष्ट अर्धी असे तिचा शेवट मी ताईला रचून सांगायचो. माझं वक्तृत्व तिथून सुरू झालं. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि खोलीत सतत कोऱ्या कापडाचा वास असायचा. तो वास आज नाकात शिरला आणि मी काही क्षण जिन्यातच उभा राहिलो.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ताई अकराची. पण मला उणीव अशी आठवतच नाही. किती खेळलो त्या गल्लीत! ताईला खेळायची फारशी हौस नव्हती. ती दारात बसून आमचा खेळ बघायची. शाळाही तिनं आपणहून सोडली, तिला अभ्यासाचा कंटाळा होता. तेराव्या वर्षी मला छापखान्यात उमेदवारी मिळाली तेव्हा सगळ्या वस्तीत मिरवलो होतो.

चौकट तशीच आहे. सात रेघा, पेन्सिलीच्या, प्रत्येकीपुढे ताईच्या बाळबोध अक्षरात वय. मोजल्या. सहाव्या वर्षी एकशे पंधरा सेंटीमीटर, बाराव्या वर्षी एकशे एक्कावन्न. मधली प्रत्येक उडी बरोबर सहाची.

“काय रे भोंग्या, आता भिंती मोजायला लागलास?” ताईनं आतून विचारलं. वस्तीत माझं हेच नाव. गिरणीचा भोंगा बंद पडला तरी हा चालूच, असं म्हणायचे.

“पुरावा गोळा करतोय, ताई.”

“कसला पुरावा?”

“आपण सुखी होतो याचा.”

ती एका मुलीचं नाक पुसत राहिली. मग म्हणाली, “त्या समितीत खोलीचं नीट बोल म्हणजे झालं. पुरावे राहू देत.”

मी गंमत म्हणून माझ्या बालपणाची प्रश्नपत्रिका भरली. एकतीसच्या एकतीस हसरे चेहरे! एक ताईलाही दिली. तिनं वाचली, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. “हे बघ, उपयोग झाला,” म्हणाली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उतारावरची पाहणी आज झाली.

तीस मुलं जमिनीवर बसलेली, पुढ्यात कागद. काही जण पेन्सिल चावत होते. पहिलाच प्रश्न : ‘तुला तुझी वस्ती आवडते का?’ आणि मला त्यांच्या चेहऱ्यांवर तेच दिसलं जे मला जन्मभर चीड आणत आलं आहे. परक्यासमोर मान खाली. आपलं घर लहान आहे, हे कागदावर लिहायला लागणार म्हणून आलेली लाज.

मला राहवलं नाही. उभा राहिलो.

“मान वर करा! या खोलीत मी वाढलो. या चौकटीशी उभा राहून उंच झालो. कुणी तुम्हाला विचारलं की तुमच्याकडे काय नाही, तर सांगा, आमच्याकडे सगळं आहे! आमच्याकडे गल्ली आहे, दोस्त आहेत, ही खोली आहे! कुणापुढे रडका चेहरा करायचा नाही. आपण कुणापेक्षा कमी आहोत का?”

“नाही!” तीस गळे एकदम. खालचा इस्त्रीवाला दचकून वर आला.

मग मुलांनी भराभर कागद भरले. एक दहा वर्षांची चष्मेवाली पोरगी तेवढी अडली होती. तिनं प्रश्न वाचला, माझ्याकडे पाहिलं, मी हसून मान हलवली, आणि तिनं खूण केली. काय तेज आलं होतं पोरांच्या डोळ्यांत!

ताई मात्र जाताना दारापर्यंत आली नाही. भांडी घासत होती. एवढी भांडी कुठून आली होती देव जाणे.

३ मार्च, मंगळवार

लिहायला हात वळत नाही.

निकाल लागला. आठ वस्त्यांत उतार वरून दुसरा. आमच्या पुढे फक्त टेकडीवरचे बंगले. उंचीत आमची मुलं सर्वांत खाली, वजनात खालून दुसरी, पाण्यात खाली. पण मुलांच्या उत्तरांत पन्नासपैकी एकोणपन्नास. पन्नास गुणांचा हट्ट माझा. एकोणपन्नास आणणारं भाषण माझं.

अध्यक्ष चष्मा न पुसता म्हणाले, “तुमचं म्हणणं खरं ठरलं. अभिनंदन.” माणूस खवचट नाही, मनापासून बोलला. तेच जास्त लागलं.

तीन खोल्या कालव्याकाठी, स्टेशनमागे आणि गिरणीमागे जाणार. ताईला फोन केला.

“ताई, आपण दुसरे आलो.”

“कितव्यांत?”

“वरून.”

खालच्या इस्त्रीची फुसफुस नको म्हणून तिनं खिडकी लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बरं. जेवलास का?”

५ मार्च, गुरुवार

मी अजूनही म्हणतो, मुलांनी खोटं सांगितलं नाही. अभिमान म्हणजे खोटं नव्हे. मी स्वतःच त्याचा पुरावा आहे.

आज आकडेवाली भेटली. मी दिलेला चौकटीचा कागद तिच्या हातात होता. सोबत मी हौसेनं छापखान्याच्या भरतीचं जुनं कार्डही दिलं होतं, त्यावर डॉक्टरनं लिहिलेली उंची आहे.

“काका, रागावू नका. बाराव्या वर्षी चौकटीवर एकशे एक्कावन्न. तेराव्या वर्षी कार्डावर एकशे सेहेचाळीस. तुम्ही एका वर्षात पाच सेंटीमीटर बुटके झालात?”

“छापखान्याचा डॉक्टर होता तो. घाईत टेप धरली असेल.”

“आणि दरवर्षी बरोबर सहा? मुलं अशी नाही वाढत, काका. एका वर्षी अडतात, एका वर्षी उसळतात. इतकं सारखं फक्त कुणी आखलं तरच येतं.” मग हळूच म्हणाली, “उताराच्या कागदांचंही तेच आहे. तीसही मुलं तिसाव्या प्रश्नालाही हसतायत.”

“तिसावा प्रश्न कोणता?”

“‘रात्री भूक लागून जाग येते का?’ येत असेल तर रडका चेहरा.”

मी तिला म्हटलं, तू अजून लहान आहेस. घरी येऊन वाटलं, हे वाक्य मला तरुणपणी किती जणांनी ऐकवलं होतं आणि मी त्यांची कशी सालटी काढली होती.

८ मार्च, रविवार

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो. सजवणार नाही.

न कळवता ताईकडे गेलो. जिन्यातूनच मुलांचा गलका ऐकू आला. दारात चष्मेवालीला चौकटीशी उभं केलं होतं. टाचा लाकडाला टेकलेल्या, श्वास रोखलेला. दाराच्या दुसऱ्या बाजूची चौकट मी कधी नीट पाहिलीच नव्हती. तिथं बावीस वर्षांच्या मुलांच्या रेघांचं रान माजलं आहे. ताईनं पोरीच्या डोक्यावर एक पुस्तक आडवं ठेवलं. रेघ नीट यावी म्हणून माझ्याही डोक्यावर ठेवायची. मग तिनं पेन्सिल घेतली आणि रेघ ओढली.

पुस्तकाच्या वर.

पोरीनं वळून पाहिलं आणि किंचाळली, “आजी! वाढले मी!” आणि जिना दणदणवत खाली गेली.

मी म्हटलं, “ताई, रेघ खालून काढायची असते.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

“वर्षभरात दोन बोटंसुद्धा वाढलेली नाही ती. रोज येऊन त्या रेघेला डोकं लावून बघते. काय सांगू तिला?” पुस्तक फळीवर ठेवत ती म्हणाली, “खाऊ जास्त देतेच आहे. तोवर धीर नको द्यायला?”

मी माझ्या चौकटीकडे वळलो. तिला कळलं मी काय विचारणार ते.

“सहाव्या वर्षाची खरी आहे,” ती म्हणाली. “सातव्याला बाबांनी आणलेली ती पातळ गोष्टीची चोपडी होती. मग दरसाल जरा जाड. नवव्या-दहाव्या वर्षी तर तू वाढायचंच नाव घेईनास. बाराव्याला शब्दकोश. तो मानेवर जड झाला म्हणून तू कुरकुरला होतास, आठवतं?”

आठवतं. त्या डोक्यावरच्या शब्दकोशाचा किस्सा मी हजार सभांत सांगितला आहे.

“मला का नाही सांगितलंस, ताई? साठ वर्षं झाली.”

“काय सांगायचं? तू दर ठिकाणी सांगत फिरायचास, माझं बालपण असं आणि तसं. ऐकायला बरं वाटायचं. म्हटलं, चला, आपलं काम जमलं.”

जन्मभर दुसऱ्यांच्या पानांवरची सुटलेली अक्षरं शोधली. त्या चौकटीसमोर मी बारा वर्षं राहिलो, नंतर छप्पन्न वर्षं येत-जात राहिलो. आज पहिल्यांदा दिसलं की दोन्ही बाजूंना सगळ्यांच्या रेघा आहेत, ताईची एकही नाही.

विचारलं, “तुझी का नाही?”

“माझ्या डोक्यावर पुस्तक कोण धरणार होतं?” म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

१२ मार्च, गुरुवार

काल रात्रभर प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान वाचलं. सूचना क्रमांक दोन : ‘पाहणीआधी मुलांशी या विषयावर बोलू नये.’ याच ओळीतली चूक मी लाल शाईनं दुरुस्त केली होती. अक्षरं तपासली. वाक्य वाचलंच नाही.

आज समितीत उभा राहिलो. अध्यक्षांनी सवयीनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. आता अर्धा तास गेला, असं समजून डॉक्टरीणबाई खुर्चीत सैल बसल्या.

मी म्हटलं, “मी मुलांना शिकवलं. त्यांची उत्तरं रद्द करा.”

सात शब्द. याहून छोटं भाषण मी केलेलं नाही आणि याहून जड तर नाहीच नाही.

“म्हणजे तुमचं भाषण नियमबाह्य होतं, असं नोंदीत घ्यायचं?” अध्यक्षांनी विचारलं. “तुमच्या नावानिशी?”

“नावानिशी.”

“निकाल बदलेलच असं नाही. आणि बदलला, तर गिरणीमागची वस्ती यादीतून बाहेर पडेल. तिथंही मुलं आहेत.”

मी पेला परत सरकवला. आकडेवालीनं मान वर केली आणि म्हणाली, “सर, चुकीच्या मापानं दिलेली खोली त्यांना तरी कुठे पचेल? आणि खोल्या तीनच का, हे कुणी विचारलेलंच नाही.” हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी उत्तरांना पन्नास गुण मिळवण्यात गुंतलो होतो.

पाहणी पुन्हा. मी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, ही अट.

१७ मार्च, मंगळवार

वर मुलं कागद भरत होती. मी खाली इस्त्रीच्या दुकानात स्टुलावर. इस्त्रीवाल्यानं मला रुमालांच्या घड्या घालायला दिल्या. “तोंड बंद ठेवायला बरं पडतं,” म्हणाला. त्याच्या बापानंही लहानपणी मला हेच काम दिलं होतं. वाफेत कोऱ्या कापडाचा तोच वास, वर तीच फळ्यांची जमीन. पण वर सगळं शांत होतं. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. किंवा मी असल्यावर ती तिथं येत नसावी.

बऱ्याच वेळानं चष्मेवाली खाली आली. माझ्यासमोर उभी राहिली.

“आजोबा, खरं लिहिलं तर तुम्ही रागावणार नाही ना?”

“नाही.”

“मागच्या वेळी तुम्ही बघत होता.”

“हो.”

“आज मी तीन रडके काढले. आणि एक मधला.” मग तिनं विचारलं, “खोलीच्या प्रश्नाला मात्र हसराच काढला. चालेल ना?”

मला बोलायचं होतं. वाक्यं घशापर्यंत आली होती, एकापेक्षा एक सुंदर. मी तिच्या हातात घडी घातलेला रुमाल दिला. तिनं चष्मा पुसला, रुमाल परत दिला आणि वर गेली.

२६ मार्च, गुरुवार

उतार खालून दुसरा. सुखमान नीचांकाला गेल्याबद्दल माणूस इतका आनंदी होऊ शकतो, हे कुठल्या तक्त्यात बसवायचं?

खोली राहणार. नगरपालिका ती भाड्यानं घेणार, ताई तिथंच. गिरणीमागची वस्ती चौथी आली. चौथ्या खोलीचा अर्ज आकडेवालीनं लिहिला आहे आणि मी तपासून दिला. या वेळी वाक्यंही वाचली. एक महत्त्वाचा आकडा सुटला होता, तो भरायला सांगितला. पुढच्या बैठकीत बोलणार आहे. तिथं मात्र भोंगा वाजवीन, त्यासाठीच देवानं गळा दिला आहे.

संध्याकाळी सांगायला गेलो. ताईनं ऐकलं, “बरं झालं,” म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग लगेच एका पोराला चप्पल नीट ठेव म्हणून ओरडली.

मी फळीवरून एक वही घेतली. सर्वांत पातळ.

“इकडे ये. चौकटीला टेक.”

“वेड लागलं का? चौऱ्याहत्तर झाली मला.”

“टाचा टेकव.”

मुलं खेळ सोडून भोवती जमली. ताई लाजली. मी तिला लाजताना कधी पाहिलं नव्हतं. ती ताठ उभी राहिली, श्वास रोखून, अगदी चष्मेवालीसारखी. मी वही तिच्या पांढऱ्या केसांवर आडवी धरली.

“वरून काढतोस का रे?” तिनं डोळे मिटूनच विचारलं.

“नाही.”

वहीच्या खालून रेघ ओढली. एकशे त्रेचाळीस. माझ्या दहाव्या आणि अकराव्या वर्षांच्या खोट्या रेघांच्या मध्ये. शब्दकोश वजा केला, तर बाराव्या वर्षी मी खरा एवढाच होतो.

“आजी, तू एवढीच?” एक पोरगं म्हणालं.

“एवढीच रे,” ताई म्हणाली, आणि वळून कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. बोट फिरवलं तिच्यावर. मग मला म्हणाली, “वय लिही की पुढे.”

लिहिलं. रेघ डावीकडे जरा वाकडी आली आहे. खोडायला गेलो तर तिनं माझा हात धरला.

तशीच ठेवली.